जुगाराची भाषा, कायदा आणि कर्ज: वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

वर्धा जिल्हा 1970 च्या दशकापासून दारूबंदीखाली आहे आणि या बंदीचे समर्थन करताना सेवाग्रामच्या वारशाचा आधार आजही आवर्जून घेतला जातो. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी ज्या शेगावात राहायला आले, त्याचे नाव 1940 मध्ये सेवाग्राम झाले. तेथील आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय आणि शरीरश्रम यांना मानाचे स्थान होते, आणि 1925 मध्ये ‘यंग इंडिया’त गांधीजींनी छापलेल्या सात सामाजिक पापांच्या यादीत श्रमावाचून मिळवलेल्या संपत्तीचा समावेश होता. या विचारसरणीत जुगाराला जागा असणे शक्यच नव्हते. असे असूनही त्यांच्या विधायक कार्यक्रमात दारूबंदी हे स्वतंत्र कलम आहे, जुगारबंदी नाही. त्याचा परिणाम असा झाला असावा की दारूच्या वाट्याला कायदा, महिलांची आंदोलने, व्यसनमुक्तीचे प्रयत्न आणि अखंड सार्वजनिक चर्चा आली, तर जुगाराच्या वाट्याला पोलिसांचा छापा आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी एवढेच आले. जुगाराने घरे बुडतात हे येथील बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही; मात्र बुडणाऱ्या घराकडे पाहण्याची सवय भाषेला आणि कायद्याला फार उशिरा लागली, आणि ती अजूनही अपुरी आहे, असे या विषयाचा इतिहास चाळताना वारंवार लक्षात येते.

मराठीतील रोजचे बोलणे जुगारी शब्दांनी भरलेले आहे. डाव टाकणे, दान पडणे, फासे उलटणे, बाजी मारणे, सर्वस्व पणाला लावणे, हुकमाचा एक्का बाहेर काढणे हे वाक्प्रचार ज्यांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही अशी माणसेही सहज वापरतात. यांतील बहुतेक वाक्प्रचार धाडसाचे किंवा दैवाचे आहेत. हरल्यानंतरच्या देण्याचा उल्लेख त्यांत जवळपास नाही. संस्कृत धर्मशास्त्राने मात्र वर्गीकरण नेमके केले होते. निर्जीव साधनांनी, म्हणजे फासे किंवा कवड्यांनी खेळला जातो तो ‘द्यूत’, आणि कोंबडे, मेंढे यांसारख्या सजीव प्राण्यांवर पैज लावून खेळला जातो तो ‘समाह्वय’, असा भेद मनुस्मृतीत आहे. मनूने राजाला दोन्ही मोडून काढायला सांगितले. कौटिल्याने ते ‘द्यूताध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवून जिंकलेल्या रकमेचा पाच टक्के हिस्सा घेण्याची व्यवस्था सुचवली. बंदी की नियंत्रण आणि कर, हा आजचा वाद त्या दोन भूमिकांपासून फारसा पुढे सरकलेला नाही.

गावोगावच्या अड्ड्यावर कौटिल्याच्या त्या हिश्शाला ‘नाल’ हा शब्द आहे. खेळ भरतो तो ‘फड’, आणि फडासाठी जागा, ताशपत्ते, उजेड आणि पाळत पुरवणारा माणूस प्रत्येक डावातून जी ठरावीक रक्कम बाजूला काढतो ती नाल. खेळणारे आळीपाळीने हरतात आणि जिंकतात, नाल काढणारा कधीच हरत नाही. आकड्यांच्या जुगाराची भाषा याहून वेगळी आहे. आकडा आणि त्यावर लावलेली रक्कम लिहिलेली चिठ्ठी ती ‘सट्टापट्टी’, पैसे लावणे ती ‘लगवाडी’, आणि ती लगवाडी स्वतःच्या जोखमीवर स्वीकारणे ती ‘खायवाडी’. हे शब्द विदर्भातील पोलीस ठाण्यांच्या कागदपत्रांत जसेच्या तसे उतरतात. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचे लघुरूप ‘मजुका’ हेही त्या कागदपत्रांतूनच बातम्यांत आले आहे. उघड्यावरच्या जुगाराचा गुन्हा ‘कलम 12 मजुका’खाली नोंदला जातो आणि त्यासोबत पट्टी, पेन, मोबाइल आणि रोख रक्कम असा ‘मुद्देमाल’ जप्त होतो. मुद्देमालाच्या यादीत जे दिसते तेवढेच कायद्याला दिसते. पट्टीवरचे पैसे कोणाच्या घरून आले याचा रकाना त्या कागदावर नसतो.

मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त हा रकाना भरलेला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या या ग्रंथानुसार चक्रधरस्वामी पूर्वायुष्यात भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव म्हणून वावरत असताना द्यूतात रमले, मोठी रक्कम हरले आणि देणे भागवण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. देण्याचा प्रश्न पुढे वडिलांनी सोडवला, परंतु त्या नकाराने हरपाळदेवांचे मन संसारातून उठले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले ते रिद्धपूरला गोविंदप्रभूंपर्यंत पोहोचले. महानुभाव परंपरेत हा प्रसंग वैराग्याचे निमित्त म्हणून वाचला जातो आणि ते त्या परंपरेच्या दृष्टीने योग्यच आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र या कथेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कमळाइसा ठरते. हरलेल्या डावाची झळ सर्वप्रथम बायकोच्या अंगावरच्या सोन्याला लागते, हे वास्तव वऱ्हाडच्या मातीत रुजलेल्या या ग्रंथाने सात शतकांपूर्वी नोंदवले आहे, आणि ती झळ थोपवण्याचा अधिकार तिने वापरल्याचेही नोंदवले आहे.

विसाव्या शतकात या प्रदेशाचा जुगाराशी संबंध आला तो कापसाच्या वाटेने. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता, आणि कापसाचा व्यापार म्हटला की वायदा आलाच. वायदा म्हणजे पुढील तारखेला ठरलेल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार. प्रत्यक्ष माल देण्याचा हेतू असेल तर तो व्यापार, आणि दोन्ही पक्षांना केवळ भावातील फरकच चुकता करायचा असेल तर ती पैज, अशी कसोटी न्यायालयांनी घालून दिली. ही कसोटी कागदावर स्वच्छ आहे. बाजारात ती सतत पुसट होत राहिली. मुंबईत तर तिच्याही पलीकडचा एक प्रकार निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईत येत असे आणि त्या भावाच्या आकड्यांवर कापसाशी काडीचाही संबंध नसलेली माणसे पैसे लावत असत. हाच ‘आकडा’. न्यूयॉर्कहून भाव येण्याची पद्धत 1961 मध्ये थांबली, तेव्हा आकडा बंद पडायला हवा होता; त्याऐवजी भावाची गरजच संपली. कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडे मडक्यातून, पुढे पत्त्यांतून काढायला सुरुवात केली आणि ‘मटका’ गिरणगावातून राज्यभर पसरला.

त्याची रीत थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण हानीचे मूळ तिच्या साधेपणात आहे. शून्य ते नऊ यांतील तीन आकडे निघतात. समजा 3, 6 आणि 8 निघाले, तर बेरीज 17 येते आणि तिचा शेवटचा अंक 7 हा ‘ओपन’ ठरतो. काही वेळाने पुन्हा तीन आकडे निघून ‘क्लोज’ ठरतो, आणि दोन्ही मिळून ‘जोडी’ होते. दहा अंकांपैकी एक अचूक सांगणाऱ्याला प्रचलित दराने रुपयाला नऊ रुपये मिळतात, शंभर जोड्यांपैकी एक अचूक सांगणाऱ्याला नव्वद. याचा अर्थ दीर्घकाळात लावलेल्या प्रत्येक दहा रुपयांतील एक रुपया खायवाडी करणाऱ्याकडे निश्चित जातो. दिवसाला दोनदा शंभर रुपये लावणारा मजूर सरासरीने महिन्याला सहाशे रुपये गमावतो, आणि मधूनमधून आकडा लागत असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही. स्वप्न, वाहनांचे क्रमांक, बाबा-बुवांचे इशारे यांतून ‘आकडा काढण्याची’ जी लोकविद्या गावोगाव पसरली आहे, तिने या गणितात तिळमात्र फरक पडत नाही; कारण पुढच्या पत्त्याला मागच्या पत्त्याची आठवण नसते.

राज्यकर्त्यांनी या खेळाला दिलेले एक उत्तर म्हणजे 1969 मध्ये सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरी. बेकायदा आकड्याऐवजी सरकारी तिकीट, आणि नफा लोकहिताला, असा तो विचार होता. लॉटरीत खेळणाऱ्याच्या दृष्टीने गणित मटक्याहून चांगले असते असे नाही. बदलते ते नालेचे मानकरी.

कायद्याचा इतिहास पाहताना एक स्थानिक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ब्रिटिश काळात वर्धा मध्य प्रांतात असल्यामुळे येथे 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता, तर मुंबई इलाख्यात 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचाच कायदा येथे लागू करण्यात आला. आजचा मजुका तो हाच. दोन्ही कायद्यांची बांधणी सारखी आहे. ज्या जागेचा मालक किंवा चालक जुगाराच्या साधनांतून वा जागेतून नफा मिळवतो, म्हणजे अड्ड्याच्या भाषेत नाल काढतो, ती जागा ‘सामान्य जुगारगृह’. ते चालवणे गुन्हा, तेथे आढळणे गुन्हा, आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी खेळणे हा आणखी एक गुन्हा. 1867 च्या कायद्यात जुगारगृह चालवणाऱ्याला कमाल दंड 200 रुपये होता. निव्वळ कौशल्याच्या खेळांना दोन्ही कायद्यांनी वगळले, आणि सगळा पुढचा वाद या एका अपवादातून जन्माला आला.

कायदा साधनाच्या मागे लागला की खेळ साधन बदलतो, याचे उत्तम उदाहरण पावसावरील पैज हे आहे. ठरावीक वेळेत पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर मुंबईत मोठ्या रकमा लागत असत. 1889 मध्ये उच्च न्यायालयाने ही पैज तत्कालीन कायद्याच्या शब्दांत बसत नसल्याचे ठरवले, आणि 1890 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. घोड्यांच्या शर्यतीचे मात्र वेगळे झाले. परवानाधारक मैदानातील शर्यतीवरील पैज कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेली असल्याने महालक्ष्मीच्या मैदानावर लावलेले लाखो रुपये वैध आणि वर्ध्याच्या चौकात पट्टीवर लिहिलेले वीस रुपये गुन्हा, ही विषमता शतकभर टिकली. ती विषमता खेळांमधली नाही, खेळणाऱ्यांमधली आहे, हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवे.

संविधानाने पैज आणि जुगार हा विषय राज्यसूचीत ठेवला. 1957 मध्ये आर. एम. डी. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा संरक्षणास पात्र असा व्यापारच नाही, असा निर्णय दिला आणि तो देताना ऋग्वेद आणि महाभारतापर्यंत मागे जाऊन जुगाराच्या निषेधाची परंपरा मांडली. मात्र 1967 मध्ये आंध्रातील एका क्लबच्या प्रकरणात रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला, आणि 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याच्या बाजूला स्थान मिळाले. पुढे मोबाइलवरील रमी आणि काल्पनिक संघांचे क्रिकेट याच निर्णयांच्या आधारे उभे राहिले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा एका क्रिकेट खेळाला जुगार मानण्यास नकार दिला. कौशल्याची कसोटी तर्काच्या दृष्टीने चुकीची नाही. तिची मर्यादा अशी की ती खेळाबद्दल प्रश्न विचारते, हानीबद्दल विचारत नाही. पत्ते लक्षात ठेवण्याचे कौशल्य ज्याच्यात कमी आहे तो कौशल्याच्या खेळात अधिक खात्रीने हरतो, आणि त्याचे घर तेवढ्याच खात्रीने रिकामे होते. शेजारच्या गोव्यात 1976 च्या कायद्याला 1992 पासून झालेल्या दुरुस्त्यांनी कॅसिनोला वाट मिळाली. महाराष्ट्रानेही 1976 मध्ये कॅसिनो नियंत्रणाचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमन कायद्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्याचे आर्थिक व्यवहार पार पाडणे या कायद्याने निषिद्ध ठरवले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र करण्यात आल्या. न्यायालयीन निकाल काहीही लागो, दीडशे वर्षांची कौशल्य-नशीब ही विभागणी बाजूला ठेवून हरणाऱ्याकडे पीडित म्हणून पाहणारा हा पहिला मोठा केंद्रीय कायदा आहे. परदेशातून चालणारी सट्टेबाजी यामुळे थांबेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगाराच्या नावाखाली सुमारे 58 कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली आणि तपास गोंदियापर्यंत पोहोचला, तेव्हा हा धंदा विदर्भाच्या किती आतवर शिरला आहे ते दिसले होते.

देण्याचा प्रश्न कायद्याने पूर्वी अजिबात विचारला नव्हता, असेही नाही. धर्मशास्त्राने सुरा, काम आणि द्यूत यांपायी केलेले बापाचे ऋण फेडण्याची जबाबदारी मुलावर नाही, असे सांगितले होते. अशा ऋणाला ‘अव्यावहारिक ऋण’ म्हणत आणि ब्रिटिश न्यायालयांनीही हिंदू कायद्यात हा अपवाद पाळला. 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने बापाचे कर्ज फेडण्याचे मुलाचे धार्मिक दायित्वच संपुष्टात आणले, तेव्हा हा जुना अपवादही इतिहासजमा झाला. दुसरीकडे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार शून्य आहे, म्हणजे जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 1959 च्या घेरूलाल पारख खटल्यात स्पष्ट केल्याप्रमाणे असा करार शून्य असला तरी बेकायदा ठरत नाही, आणि म्हणून त्याला पूरक असलेले व्यवहार आपोआप रद्द होत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र 1865 च्या एका खास कायद्याने असे पूरक व्यवहारही शून्य ठरवले होते. खेडेगावात याचा अर्थ सरळ आहे. खायवाडी करणाऱ्याची उधारी न्यायालयात टिकत नाही, म्हणून ती दमदाटीने वसूल होते. आणि ती भागवण्यासाठी काढलेले सोनेतारण, मोबाइलवरचे झटपट कर्ज किंवा सावकाराची रक्कम ही कागदावर निखळ कर्जे असतात. जुगार बेकायदा राहतो, त्याचे ओझे मात्र कायदेशीर होऊन घरात येते.

विदर्भात शेतीला ‘मान्सूनचा जुगार’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून द्यायला हवी. पेरणी करणारा शेतकरी जोखीम घेतो, पैज लावत नाही. त्याच्या श्रमातून धान्य आणि कापूस निर्माण होतो, तर जुगारातून एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाण्यापलीकडे काहीच निर्माण होत नाही. ज्याला हवामान, भाव आणि कर्ज यांवर कसलाच ताबा नाही अशा माणसाला एका आकड्याने सारे फिटेल असे वाटू लागते, हे मात्र खरे, आणि दोन्हींना एकाच नावाने हाक मारल्याने ही वाट आणखी सोपी होते. पोळ्याच्या दिवसांत अनेक गावांत फड बसतात, कोंबडबाजार भरतात. बैलाच्या श्रमाचा सण आणि श्रमावाचूनच्या कमाईचा खेळ एकाच दिवशी शेजारी येतात. सण म्हणून खेळलेला हलका डाव आणि वर्षभराचे व्यसन यांत फरक आहे हे मान्य करूनही, रोख हाती नसलेल्या भाद्रपदाच्या तोंडावर हे फड बसतात, याचा विचार करावा लागतो.

वैद्यकशास्त्राची भूमिका गेल्या दशकात बदलली आहे. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू आणि मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या रांगेत आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणानेही त्याला व्यसनजन्य वर्तनाच्या विकारांत ठेवले. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत नेणे, खोटे बोलणे, सोडण्याचे प्रयत्न फसणे ही त्याची लक्षणे. सेवाग्रामला 1969 पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे आणि तिचे कस्तुरबा रुग्णालयही आहे, म्हणजे ग्रामीण भागासाठी उभारलेले वैद्यकीय महाविद्यालय दाराशीच आहे. झोप न येणे, दारू, विष घेण्याचा प्रयत्न अशा कारणांनी आणलेल्या रुग्णाच्या मागे जुगाराचे देणे असू शकते, आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. दारूबद्दलचा प्रश्न जसा नेहमीच्या तपासणीत विचारला जातो, तसा हा प्रश्न विचारला जाणे ही खर्चाची बाब नाही.

गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात जुगाराचे कलम नसले तरी दारूबंदीच्या कलमात एक सूचना आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. थकून आलेल्या कामकऱ्याला विसावा, स्वस्त आणि आरोग्यदायी खाणे आणि योग्य खेळ मिळतील अशी विरंगुळ्याची ठिकाणे उघडावीत, असे त्यांनी सुचवले होते. ही सूचना जुगारालाही तंतोतंत लागू पडते, कारण फडाकडे जाणारा प्रत्येक जण पैशासाठीच जातो असे नसते. संध्याकाळी बसायला दुसरी जागा नसते म्हणूनही माणसे तेथे जातात.

राहता राहिली कमळाइसेची बाजू, आणि या बाबतीत आजचा कायदा पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालमत्ता असल्याचे आणि पतीने ते बळकावल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरू शकत असल्याचे सांगितले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणे, घरखर्चाला पैसे न देणे, घरातील वस्तू विकणे यांना ‘आर्थिक छळ’ या व्याख्येत घेतले. दंडाधिकारी अशी विल्हेवाट रोखणारा आदेश देऊ शकतात, आणि त्यासाठी तालुक्याच्या पातळीपर्यंत संरक्षण अधिकाऱ्यांची यंत्रणा आहे. मजुकाखालील छाप्यात ज्यांची नावे येतात त्यांच्या घरी या अधिकाऱ्याचा पत्ता पोहोचवण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. पोलीस ठाणे, महिला व बालविकास विभाग आणि ग्रामपंचायत यांनी ठरवले तर मुद्देमालाच्या पंचनाम्यासोबत एक माहितीपत्रक त्या घरी देता येईल, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जेथे दारूच्या विरोधात बायका संघटित झालेल्या आहेत, तेथे त्याची सुरुवात करणे इतर कोठल्याहीपेक्षा सोपे आहे.